फटीफटींचं फडकं

ओळख पाहू! पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि गाडी पुसायचं ते मऊमऊ, निळं-पिवळं फडकं, या दोघांचं नातं काय?

‘काहीच नाही’ असंच वाटलं ना? चूक! ती दोघं सख्खी भावंडं आहेत! बाटलीचं प्लास्टिक पॉलिएस्टर जातीचं असतं. आणि फडकं? त्यातही सगळ्यात जास्त असतं ते पॉलिएस्टरच!

खोटं वाटत असेल तर फडक्याचा कोपरा उलटून बघ. तिथे एक छोटी पांढरी पट्टी शिवलेली असते. बऱ्याचदा तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘८०% पॉलिएस्टर, २०% पॉलिअमाइड’. पॉलिअमाइड म्हणजे आपलं नायलॉन. म्हणजे कापूस शून्य! सगळंच्या सगळं प्लास्टिक!

आता खरी गंमत ऐक. बाटलीवर बाहेरून पाणी ओत. काय होतं? घरंगळून जातं. बाटली पाण्याचा एक थेंबही पीत नाही. मग तिचंच भावंड ओट्यावर सांडलेलं पाणी गटागट कसं पितं?

या फडक्याला म्हणतात मायक्रोफायबर. मायक्रो म्हणजे अगदी बारीक आणि फायबर म्हणजे तंतू. सगळी जादू त्या बारीकपणातच आहे. पण बारीक म्हणजे किती बारीक?

आधी हात लावून बघ. फडक्यावरून बोट हळूच फिरव. मऊ लागतं, पण बोटाला जरासं अडकतंसुद्धा! नखाजवळची कातडी सोललेली असेल, तर तिथे ते चक्क चिकटल्यासारखं वाटतं. काहींच्या अंगावर तर शहारा येतो! का? कारण आपल्या कातडीवरच्या खरबरीत कडांमध्ये शिरतील इतके ते तंतू बारीक असतात.

आता मोजूया. कापडवाले लोक धाग्याचा बारीकपणा एका मजेदार मापानं मोजतात. त्याचं नाव डेनिअर. रीत अगदी सोपी आहे. ९००० मीटर धागा घ्यायचा आणि त्याचं वजन करायचं. वजन १ ग्रॅम भरलं, की धागा १ डेनिअरचा.

९००० मीटर म्हणजे ९ किलोमीटर. मुंबईत सीएसएमटीहून लोकलनं दादरला जायला साधारण तेवढंच अंतर पडतं. म्हणजे बघ हं, धाग्याचं एक टोक सीएसएमटीला बांधलं. दुसरं टोक हातात धरून लोकलमध्ये बसलं. भायखळा गेलं, परळ गेलं, दादर आलं. आणि त्या अख्ख्या धाग्याचं वजन किती? कागदाला लावायच्या एका छोट्या पिनेएवढं!

थांब, अजून संपलं नाही! १ डेनिअर तर मायक्रोफायबरला जाडच म्हणायचा. चांगल्या फडक्यातला तंतू ०.२ डेनिअर किंवा त्याहूनही बारीक असतो. म्हणजे तेवढ्याच १ ग्रॅममध्ये धागा पोचतो ४५ किलोमीटरवर. दादर मागे, ठाणं मागे, दिवासुद्धा मागे! डोंबिवली जवळ आली!

आणि अख्खं फडकं? ४० सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद फडकं साधारण ४८ ग्रॅम भरतं. त्यातले सगळे तंतू ०.२ डेनिअरचे धरू. कर गुणाकार! ४८ गुणिले ४५, म्हणजे २१६० किलोमीटर! मुंबईहून रेल्वेनं दिल्लीला जायला सुमारे १४०० किलोमीटर पडतात. म्हणजे एका फडक्यातले तंतू एकापुढे एक जोडत गेलो, तर दिल्ली गाठूनही धागा शिल्लकच! आणि तो सगळा तुझ्या हातात, घडी घालून!

मलाही हा गुणाकार दोनदा करून बघावासा वाटला. तूही कर.

इतका बारीक तंतू कुणी कातला? त्याची युक्ती फारच भारी आहे. एकेक बारीक तंतू ओढत बसायचंच नाही! आधी जरा जाड तंतू काढायचा, पण आतून संत्र्यासारखा. म्हणजे तो आडवा कापला, तर आत पॉलिएस्टरच्या फोडी दिसतात आणि फोडींच्या मध्ये नायलॉनचे पातळ पडदे. कापड विणून झालं, की त्याला गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा यांची अंघोळ घालायची. पॉलिएस्टरचं आणि नायलॉनचं आधीच फारसं जमत नाही. अंघोळीत ती एकमेकांना सोडतात आणि फोडी सुट्या होतात. एका तंतूचे झाले कितीतरी तंतू! काही कारखाने ही फोड पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानंच करतात.

फोडी सुट्या झाल्यानं काय फायदा? माल तर तेवढाच राहिला!

छान प्रश्न! याचं उत्तर तुला घरीच मिळेल. कागदाचा एक गोल काप, साधारण चपातीएवढा. मध्यापासून कडेपर्यंत १० सेंटिमीटर भरू दे. त्याच्या कडेवर दोरा फिरव आणि दोरा मोज. साधारण ६३ सेंटिमीटर भरेल. आता गोलाच्या सारख्या १६ फोडी काप. प्रत्येक फोडीला दोन नव्या सरळ कडा मिळाल्या, १० आणि १० सेंटिमीटरच्या. सोळा फोडींच्या मिळून झाल्या ३२० सेंटिमीटर. त्यात जुन्या ६३ मिळव. एकूण ३८३!

कागद तेवढाच, पण कडा सहापट! तंतूचंही अगदी असंच होतं. घाणीला आणि पाण्याला चिकटायला सहापट जागा! शिवाय फोडीला टोकदार कडा असतात. गोल तंतू धुळीवरून घरंगळत जातो. टोकदार कड तिला खरवडून उचलते.

आता त्या पाण्याच्या कोड्याकडे वळू. निरांजनातली वात आठव. तूप खाली असतं आणि ज्योत वर. मग तूप वर कसं चढतं? वातीतल्या तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून! फट जितकी अरुंद, तितक्या जोरानं तूप किंवा पाणी आपोआप आत ओढलं जातं. कुणी ढकलावं लागत नाही.

मायक्रोफायबरमध्ये अशा फटीच फटी असतात! म्हणजे फडकं पाणी पितं, पण तंतू पीत नाहीत. पाणी तंतूंच्या मधल्या फटींत जाऊन बसतं. कापसाचा तंतू स्वतःच पाणी पिऊन फुगतो, म्हणून सुती पंचा पावसाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहतो. मायक्रोफायबर पिळलं, झटकलं, की बघता बघता वाळतं!

म्हणजे या फडक्यात सगळ्यात महत्त्वाचं काय? तंतू? नाही! तंतूंच्या मधली रिकामी जागा!

आणि तेलाचं काय? आरशावर बोट टेकव. ठसा उमटला ना? तो असतो घामाचा आणि अंगच्या तेलाचा. तो सुती फडक्यानं पुसायला गेलं, की बऱ्याचदा नुसता इकडून तिकडे फासला जातो आणि आरसा धुरकट दिसतो. पॉलिएस्टरला मात्र तेल भारी आवडतं. नायलॉनला थोडं थोडं पाणी आवडतं. दोघांची जोडी असल्यावर ठसा जाणार कुठे? किंचित ओलं मायक्रोफायबर फिरव. साबण नको की काही नको, आरसा लख्ख!

जाता जाता एक किळसवाणी, पण झकास गोष्ट. भिंतीवरची पाल बघितलीस ना? ईऽऽ म्हणू नकोस! टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. इतक्या टोकांनी भिंतीला अगदी जवळून भिडलं, की दोन वस्तूंमधली नेहमीची किरकोळ ओढसुद्धा अख्ख्या पालीला पेलते! तिच्या पायाला डिंक वगैरे काही नसतो. धूळ आणि बारीक तंतू एकमेकांना भिडतात, तेव्हाही ही ओढ हातभार लावते.

असे अतिबारीक तंतू पहिल्यांदा गाजले जपानमध्ये. तोरे नावाच्या कंपनीत मियोशी ओकामोतो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७० मध्ये अशा तंतूंपासून एक कापड तयार केलं. कशासाठी, सांग बरं? फरशी पुसायला? छे! कोट शिवायला! हुबेहूब मऊ चामड्यासारखं दिसणारं आणि धुता येणारं कापड त्यांना हवं होतं. त्यांची युक्ती फोडींची नव्हती. त्यांनी एका प्लास्टिकच्या आत दुसऱ्या प्लास्टिकचे केसाहून बारीक तंतू पेरले, समुद्रात बेटं असावीत तसे. मग समुद्र विरघळवून टाकला आणि बेटं तेवढी ठेवली! पुसायच्या कामाला अशी कापडं नंतर आली. कोटाच्या कापडाचा नातेवाईक आता गाडी पुसतोय!

बरं, आता धुण्याचं बघू. एवढं शास्त्र कळलं, तर धुण्याचा नियम तुला आपोआप सुचेल. फडकं धुवायचं म्हणजे काय करायचं? फटी मोकळ्या करायच्या! बस, एवढंच.

सगळ्यात आधी फडकं गॅलरीबाहेर झटक. अर्धी धूळ तिथेच जाते. मग कोमट पाणी घे. हात घालून छान वाटेल इतपतच कोमट. त्यात कपड्यांचा पातळ साबण अगदी थोडा, चहाच्या एका चमच्याएवढा. फडकं दहा-पंधरा मिनिटं बुडव आणि त्याच्याच एका भागावर दुसरा भाग हलके चोळ. ब्रश नको! फडक्यावर धाग्यांची छोटी छोटी वेटोळी असतात. ब्रशनं ती ओढली जातात.

मग खळबळ. पुन्हा खळबळ. पाण्यावर फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळ. फटीत साबण राहिला, तर पुढच्या वेळी आरशावर पांढुरके फराटे उठतात आणि आपण फडक्याला नावं ठेवतो! घरी बोअरचं जड पाणी येत असेल, तर साबणाची वडी टाळलेलीच बरी. वडी आणि जड पाणी यांचा मिळून एक चिकट साका होतो आणि नेमका फटीत जाऊन बसतो.

आता फडक्याचे शत्रू. पहिला शत्रू फार गोड आहे. छान वास येतो त्याला! सांग पाहू कोण? कपडे मऊ करणारं कंडिशनर!

कंडिशनर कपड्याच्या प्रत्येक तंतूवर एक तेलकट, गुळगुळीत थर चढवतं. शर्टाला ते छान. पण आपल्या फडक्याच्या फटी त्या थरानं बुजतात आणि टोकदार कडा बोथट होतात. प्रयोगच करून बघ ना! घरच्यांना विचारून एका जुन्या फडक्याचे दोन तुकडे कर. एक नुसता धुऊन वाळव. दुसरा कंडिशनरच्या पाण्यात बुडवून वाळव. आता दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोड. पहिल्यात थेंब झटकन शिरेल. दुसऱ्यावर तो रेंगाळेल, कधीकधी तर मोत्यासारखा बसूनच राहील! बाटलीचं भावंड पुन्हा बाटलीसारखं वागायला लागलं!

घाबरू नको, यावर उपाय आहे. साबणाच्या कोमट पाण्यात तो तुकडा दोन-तीनदा नीट धू. थर हळूहळू निघतो. आणि हो, आजीच्या सुती साडीला कांजी करतात, त्या पाण्यात हे फडकं चुकूनही टाकू नको. कांजी तर फटींची खीरच करून टाकेल!

दुसरा शत्रू बिचारा अगदी साधा आहे. आपला सुती पंचा! धुताना पंच्यातून, चादरीतून कापसाचे बारीक तंतू सुटतात. आपलं फडकं तर तंतू पकडण्यात पटाईत. त्याला काय, धूळ आणि कापूस सारखेच! सगळे तंतू ते अंगावर गोळा करतं. मग वाळल्यावर काच पुसायला जावं, तर काचेवर पांढरे धागेच धागे. म्हणून मशीनमध्ये मायक्रोफायबरची फडकी वेगळी धुवायची. रंगीत नवं फडकं तर पहिल्यांदा एकटंच धुवायचं. त्याचा रंग जातो.

तिसरा शत्रू मात्र खतरनाक! उष्णता! पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतं. ‘एवढं गरम कोण करतंय?’ असं वाटेल. पण वितळण्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडायला लागतं. तंतू जाड असता, तर निभावलं असतं. हे तर केसाहून कितीतरी बारीक! कडक इस्त्री फिरली, की ते आक्रसतात, वाकतात, एकमेकांना चिकटतात. फटी कायमच्या बंद! फडकं हाताला राठ लागतं आणि पाणी नुसतं पुढे ढकलतं. यावर कुठलाच उपाय नाही. म्हणून इस्त्री नाही आणि उकळतं पाणी नाही.

एक गोष्ट अगदी कान देऊन ऐक. गॅसवरचा गरम तवा किंवा पातेलं धरायला हे फडकं कधीही घ्यायचं नाही! सुती कापड जळतं, पण हे वितळतं, आणि वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं. स्वयंपाकघरात हे फडकं ओट्यासाठी. तव्यासाठी सांडशी आहे.

ब्लीचही नको. ते नायलॉनला कुरतडतं. वाळवायचं ते दोरीवर, वाऱ्याच्या जागी आणि सावलीत. कडक उन्हात रोज रोज वाळवलं, तर नायलॉन हळूहळू कमजोर होतं. ओला बोळा करून बेसिनखाली तर अजिबात फेकू नको. फडकं कितीही हुशार असलं, तरी कुबट वास त्यालाही येतो! आणि रंग वाटून घ्या. निळं आरशांना, पिवळं ओट्याला, लाल बाथरूमला. एकदा ठरलं की अदलाबदल बंद!

या फडक्याची एक न आवडणारी गोष्टही सांगते. ते प्लास्टिकचं आहे, हे लक्षात आहे ना? प्रत्येक धुण्यात त्याचे थोडे तंतू तुटून पाण्याबरोबर वाहून जातात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मशीनमध्ये कापडं धुऊन हे तंतू मोजले. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं, की ६ किलो पॉलिएस्टरच्या धुण्यातून सुमारे ४ लाख ९६ हजार तंतू सुटू शकतात! एका धुण्यातून! ते गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाऊ शकतात. ते कुजत नाहीत. मासे त्यांना खाणं समजतात.

म्हणून मला वाटतं, हे फडकं उगाच रोज मशीनमध्ये घालू नये. नुसती धूळ पुसली असेल, तर झटकून साध्या पाण्यात खळबळलं तरी पुरतं. मशीनच्या जाळीत जो करडा लगदा साठतो ना, तो बेसिनमध्ये धुऊन टाकायचा नाही. चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. आणि ओटा पुसायला घरात जुना सुती पंचा असेल, तर नवं मायक्रोफायबर आणायची काही घाई नाही. आरशाला, काचेला, टीव्हीच्या पडद्याला हे फडकं हवं. बाकी ठिकाणी पंचा झिंदाबाद!

आता शेवटचं. तुझ्या किंवा घरातल्या कुणाच्या चष्म्याच्या डबीत एक गुळगुळीत छोटं कापड असतं बघ. तेही बहुतेक मायक्रोफायबरच! आणि घरात विचारून बघ, ते शेवटचं कधी धुतलं होतं? मी पैज लावते, कुणाला आठवणार नाही!

ते कापड इमानदारीनं धूळ पकडून ठेवतं. पण धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू चष्म्याच्या प्लास्टिकच्या भिंगापेक्षा कितीतरी कठीण असते. कापड कधीच धुतलं नाही, तर आपण रोज भिंगावर तीच वाळू घासतो आणि चरे पाडतो! म्हणून चष्मा आधी नळाखाली धरायचा, वाळू वाहून जाऊ द्यायची आणि मगच पुसायचा.

आज संध्याकाळी ते कापड वाटीभर पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून धुऊन टाक, आणि वाटीतलं पाणी ओतण्याआधी ते किती काळं झालंय ते घरातल्या सगळ्यांना दाखव!